सत्तेचाळीस भिंगेमामा

भिंगेमामांना हे नाव कोणी ठेवलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत. भाची म्हणते तिने ठेवलं, वयाच्या चौथ्या वर्षी. मामी म्हणतात त्यांनी ठेवलं, लग्नानंतरच्या चौथ्या आठवड्यात. मात्र तेव्हा त्यात 'मामा' नव्हतं, दुसरंच काहीतरी तिखट होतं आणि ते आता चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मामांचं मत कोणी विचारलेलं नाही. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे. पण पाटी इतकी पुसट झाली आहे की ती वाचायला चष्मा लागतो, चष्म्यासाठी आत जावं लागतं, आणि आत गेलं की भिंगेमामाच भेटतात.

दुकान चष्म्याचं. मधोमध उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागावीत, एवढंच. पुढे काचेचा काउंटर, मागे हिरवा पडदा आणि पडद्यामागे डोळे तपासायची खोली. खोली आखूड असल्यामुळे अक्षरांचा तक्ता समोर टांगून भागत नाही. म्हणून तो गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला आहे, उलट्या अक्षरांचा, आणि समोर आरसा आहे. आरशात अक्षरं सुलटी दिसतात आणि अंतर दुप्पट होतं. ही युक्ती मामांची नाही, अनेक दुकानांत असते. पण मामा ती दाखवताना असं दाखवतात, की आरशाचा शोधच त्यांच्या घराण्यात लागला असावा.

बाजूला लाकडी पेटी. तिच्यात मखमलीच्या खाचांमध्ये दोनशे गोल भिंगं, प्रत्येकाला धरायला इवलीशी दांडी. गिऱ्हाइकाला उंच स्टुलावर बसवायचं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, त्यात एक भिंग सरकवायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?"

या प्रश्नावर मामांनी चौतीस वर्षं मेहनत घेतली होती. 'हे बरं'वर आवाज किती खाली आणायचा, 'आधीचं'वर किती उचलायचा, मध्ये किती थांबायचं, हे सगळं त्यांनी घासूनपुसून असं बसवलं होतं की गिऱ्हाइकाला कुठल्याही बाजूचा सुगावा लागू नये. निवाडा देणारी माणसंसुद्धा इतकं तटस्थ बोलत नसतील. एका गिऱ्हाइकामागे वीस वेळा, दिवसाला आठ-दहा गिऱ्हाइकं. मामी म्हणायच्या, "माझ्याशी अख्ख्या संसारात जेवढे शब्द बोलला नाहीत, तेवढे त्या चार शब्दांवर उधळलेत." आणि चौतीस वर्षांत एकही नंबर चुकलेला नाही, हे मामा ओळखपाळख नसलेल्या माणसालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दुकानातल्या बटणांच्या बोर्डातून ठिणग्या उडू लागल्या आणि वायरमनला बोलवावं लागलं.

वायरमन तिशीतला, दाढीवाला, गप्प स्वभावाचा. बोर्ड दुरुस्त करून झाल्यावर हात पुसत म्हणाला, "मामा, हल्ली बारीक वायरी दोन-दोन दिसतात. बघता का जरा?"

मामांनी त्याला स्टुलावर बसवला. फ्रेम चढवली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"हे बरं, की आधीचं?"

वायरमनचे खांदे हलले. मामांना वाटलं, शिंक येतेय. मग तो असा फुटला की फ्रेम घसरून हनुवटीवर आली.

"परत म्हणा ना."

"काय परत म्हणा?"

"तेच. आत्ता म्हणालात ते."

"हे बरं, की आधीचं?" मामा जरा चिडूनच म्हणाले. आवाज थोडा एका बाजूला झुकला, तेही त्यांना लागलं.

वायरमनने हनुवटीवरची फ्रेम काढून हातात घेतली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं आणि तिथे एक वेगळाच संशय आला. "मामा, तुमचं नाव काय हो?"

"पाटीवर आहे."

"पाटीवरचं नको. लोक काय म्हणतात तुम्हाला?"

"भिंगेमामा."

वायरमन स्टुलावरून उतरून ताठ उभा राहिला. मोठे साहेब आत आल्यावर शिपाई राहतो तसा. "खोटं," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही खरेच आहात?"

पुढची पंधरा मिनिटं दुकानात उलटी तपासणी झाली. वायरमन दाखवत होता आणि मामा बघत होते. त्याच्या मोबाईलवर एक खेळ होता. पुरात बुडालेलं एक बंदर आणि खेळणारा माणूस तिथला नवा अधिकारी. धक्के बांधायचे, गोदामं भरायची, माणसं परत आणायची. गावात दोनेकशे माणसं. त्यांतल्या बऱ्याच जणांना आपापली गोष्ट होती, भांडणं होती, कोणाची बहीण हरवली होती. उरलेले नुसते जागा भरायला उभे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव तरंगत होतं. वायरमनने वेशीवरच्या पहारेकऱ्यावर बोट ठेवलं. डोक्यावर लिहिलेलं होतं, भिंगेमामा. बोट ठेवताच पहारेकरी म्हणाला, हे बरं, की आधीचं?

पाववाला. भिंगेमामा. हे बरं, की आधीचं?

जाळं विणणारा म्हातारा. भिंगेमामा. तेच.

"थांबा, खरी मजा कोर्टात आहे," वायरमन म्हणाला.

कोर्टात न्यायाधीश भिंगेमामा होते. आरोपी भिंगेमामा होते. न्यायाधीशाने विचारलं, हे बरं, की आधीचं? आरोपीने उत्तर दिलं, हे बरं, की आधीचं? कोपऱ्यात फाशी देणारा दोर घेऊन उभा होता. त्यालाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्याच्या तोंडी तो शोभत तरी होता.

"एकूण सत्तेचाळीस आहेत," वायरमनने अभिमानाने सांगितलं. "आम्ही मोजलेत. काही जण म्हणतात, एकच माणूस सत्तेचाळीस नोकऱ्या करतो. काही म्हणतात, एकाच घराण्यातले आहेत. एकाने तर वंशावळ काढलीय, चार पिढ्यांची! आता कोणी काहीही नवीन केलं ना मामा, केस कापले, घर घेतलं, तर फोटोखाली सगळे एवढंच लिहितात. माझ्या मित्राने दुसरं लग्न केलं, तर फोटोखाली चारशे जणांनी लिहिलं."

"बायकोने वाचलं?"

"तिनेच सगळ्यात आधी लिहिलं."

मामांनी हे कोणी केलं ते विचारलं नाही. त्यांची ताई टेलिफोनच्या ऑफिसात पाळीवर काम करायची, त्यामुळे ताईची मुलगी आठ वर्षं शाळेनंतर याच दुकानात, याच पडद्यामागे जमिनीवर बसून गृहपाठ करायची. पाढे आणि तो प्रश्न तिने एकदमच पाठ केले होते. ती आता खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. दीड वर्षापूर्वी त्यांचा खेळ बाजारात आला आणि त्याच सुमारास तिचं दुकानात येणं बंद झालं. फोन यायचा. "मामा, फार काम आहे रे," एवढं म्हणायची.

घरी त्यांनी मामींना सांगितलं. मामी आधी डोळे विस्फारून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सत्तेचाळीस? अहो, इथे एक निस्तरता निस्तरता माझा जन्म गेला!"

"हसू नकोस."

"बरं, करतात काय ते सत्तेचाळीस जण?"

"काही नाही. उभे राहतात."

"मग हुबेहूब उतरवलंय पोरीने," मामी म्हणाल्या. पण मामांचा चेहरा बघून त्यांनी जिभेवर आलेलं पुढचं वाक्य गिळलं. मामींच्या संसारात ही मोठी सवलत होती.

नाव वापरल्याचा मामांना राग नव्हता. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी अंगावर मूठभर मांसही चढलं होतं. खुपत होतं ते दुसरंच. पोर आठ वर्षं आपल्याला बघत होती. त्या आठ वर्षांतून तिने उचललं काय, तर उभा राहणारा, काही न करणारा, एकच वाक्य बोलणारा माणूस. तिथे कोणी नाही, म्हणून ठेवलेला. हातात ताट असताना, आंघोळ करताना, काउंटर पुसताना मामा हे मनात फिरवत होते. दोन्ही बाजूंनी बघत होते आणि कुठल्याच बाजूने ते बरं दिसत नव्हतं.

इकडे वायरमनने गावभर डांगोरा पिटला. आठवडाभरात दुकानापुढे रांग. एकवीस जण आले. त्यांतल्या पाच जणांना डोळे होते, बाकीच्यांना नुसते मोबाईल. मामांनी प्रश्न विचारायचा अवकाश, की पडद्याबाहेर उभे असलेले सगळे एका सुरात ओरडायचे, "आधीचं!" तपासणीची फ्रेम घालून लोक फोटो काढून घेत होते. एका बाईंनी तर मामांना विनंती केली की तुम्ही जरा काहीच न करता उभे राहा. मामा उभे राहिले. मागून मामी म्हणाल्या, "यात त्यांचा हात कोणी धरणार नाही."

हे सगळं चाललं असतं. पण मग शिंपी परत आला.

शिंप्याचं दुकान मागच्या गल्लीत. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक आणि तेवढ्याच वर्षांची मैत्री. महिन्याभरापूर्वी, रांगेच्या पहिल्या दिवसांतच, त्याने जवळचा नवा नंबर काढून नेला होता. त्याची सून तो खेळ खेळायची, त्यामुळे स्टुलावर बसल्यापासून उतरेपर्यंत तो फुसफुसत होता आणि "हे बरं, हेच बरं" म्हणत होता. आता तो एक कोट घेऊन आला होता. त्याने तो काउंटरवर पसरला आणि नुसतं बोट ठेवलं.

"मामा, काजं बघा."

मामांनी भिंग घेऊन बघितलं. सात काजं, सातही बटणांपासून डावीकडे सरकलेली. शिवण सुरेख होती. जागा तेवढी चुकली होती.

"नंबर चुकला," मामा म्हणाले. चौतीस वर्षांत हे दोन शब्द त्या दुकानात कोणी उच्चारले नव्हते. आवाज कोणा दुसऱ्याचाच वाटला. "तुम्ही हसत होतात ना, म्हणून. या खेळाने माझ्या धंद्याची माती केली. माणूस हसायला लागला की खरं उत्तर कुठून देणार?"

"हसण्याचं काही नाही हो त्यात," शिंपी म्हणाला.

"मग?"

शिंप्याने कोटाची कॉलर उगाच सरळ केली. "रागावणार नसाल तर सांगतो. मी पहिल्यापासून 'हे बरं'च म्हणत आलोय."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"पंधरा वर्षं."

"का?"

"अहो, तुम्ही इतक्या मायेने विचारता! एवढं शोधून नवीन भिंग घालता, तोंडाकडे बघत उभे राहता. अशा माणसाला 'आधीचं बरं होतं' कसं म्हणायचं? मीही आरशापुढे गिऱ्हाइकाला विचारतो, कोट कसा झालाय म्हणून. मला कोणी खरं सांगतं का? आणि खरं सांगितलेलं मला चालेल का?"

"मग पंधरा वर्षं काम कसं केलंत?"

"केलं की. सुई थोडी लांब धरायची, कधी थोडी जवळ. या वेळी कुठेच धरून जमेना, म्हणून आलो."

शिंपी गेल्यावर मामांनी भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढलं आणि पडद्यामागे जाऊन स्वतः स्टुलावर बसले. समोर आरसा होता. वरच्या ओळीत मोठं अक्षर, खाली बारीक अक्षरं आणि मध्ये त्यांचा चेहरा, जो ते अक्षरं वाचून घेण्याच्या नादात कित्येक वर्षांत बघायचे राहिले होते. तो चेहरा खरोखरच असा होता, की त्याला कोणी नाही म्हणू नये. मामा हिशेब करू लागले. शिंपी एक. ग्रंथालयातल्या बाई? त्याही नेहमी 'हे'च म्हणत. ट्रकवाला? तो तर प्रश्न पुरा व्हायच्या आधी मान हलवायचा. किती जण चौतीस वर्षं मामांच्या मायेखातर पुस्तक लांब धरत असतील, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याला सुई-दोरा घेऊन बोलावलं. स्टुलावर बसवलं, फ्रेम चढवली आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. "ओवा," एवढंच म्हणाले.

शिंप्याने दोरा सुईकडे नेला. मामांनी टेप काढून डोळ्यापासून सुईपर्यंतचं अंतर मोजलं. भिंग बदललं. "परत ओवा." चौथ्या भिंगाला दोरा एका झटक्यात आत गेला, आणि शिंप्याला 'हे बरं' म्हणायचीही गरज पडली नाही.

त्या दिवसापासून पडद्यामागचा कारभार बदलला. ज्याने त्याने आपलं काम सोबत आणायचं. वायरमन वायरी घेऊन आला. ग्रंथालयातल्या बाई बारीक अक्षरांची कार्डं घेऊन आल्या. पेटी बनवणारा वाजवायची पेटी डोक्यावर घेऊन आला आणि ती पडद्यातून आत नेताना एक फ्रेम फुटली. मामा मोजत होते, बदलत होते, जुनी वही काढून एकेकाला निरोप पाठवत होते, 'येऊन जा, परत बघू.' चुका सापडत होत्या. दर चुकीला मामा अर्धा दिवस गप्प असायचे, मग पुढच्याला बोलवायचे.

आणि अशाच एका शनिवारी दुपारी भाची आली.

मामांनी आधी तिच्याकडे बघितलं नाही, तिच्या चष्म्याकडे बघितलं. फ्रेम त्यांच्या दुकानातली नव्हती.

"कुठून केलास?"

"ऑफिसच्या खाली एक दुकान आहे."

"डाव्या डोळ्याचा चुकलाय."

"मामा, तू अजून तपासलं तरी आहेस का?"

"दारातून आत आलीस ती मान वाकडी करून. उजव्यानेच बघतेयस."

भाचीने मान सरळ केली. मग चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा पुसत असताना माणसाला समोर बघावं लागत नाही, हे ती याच दुकानात शिकली होती. "तुला कळलंय ना," ती म्हणाली.

"अख्ख्या गावाला कळलंय. मला सगळ्यांत शेवटी कळलं, तेही बोर्ड बिघडला म्हणून."

मग तिने सगळं सांगितलं. खेळ बनवताना माणसं आधी उभी करतात, नावं आणि बोलणं मागाहून लिहितात. तोपर्यंत जागा रिकामी ठेवली तर यंत्र कुरकुर करतं, म्हणून काहीतरी भरतीचं लिहायचं. आणि त्यांच्या ऑफिसचा नियम असा, की भरतीचा शब्द आपण जन्मात विसरणार नाही असा घ्यायचा. म्हणजे शेवटच्या दिवशी तेवढाच शब्द शोधायचा आणि सगळीकडे बदलून टाकायचा.

"मग विसरलीस कशी?"

"विसरले नाही, सवय झाली. दोन वर्षं रोज तू दिसायचास, वेशीवर, धक्क्यावर. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं की तू तिथलाच आहेस. बदलायच्या यादीत मी तुला घातलंच नाही."

"आणि तुमच्याकडे तपासणारा कोणी नसतो?"

"होता ना. त्याच्या कागदावर प्रश्न होते, डोक्यावर नाव आहे का? आहे. बोलतो का? बोलतो. सत्तेचाळीस वेळा त्याने बरोबरची खूण केली. नंतर विचारलं तर म्हणाला, मला वाटलं, मोठं कुटुंब आहे."

मामांना हसू आलं आणि त्याचा त्यांना राग आला. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, भिंगं सरळच होती तरी सरळ केली आणि जे मनात फिरत होतं ते विचारून टाकलं. "रिकामी जागा दिसली, की तुला मी आठवतो का गं?"

भाचीने पुसत असलेला चष्मा परत नाकावर चढवला.

"हो," ती म्हणाली. "आई रात्रपाळीला, बाबा नाहीत, शाळेतून आलं की घराला कुलूप. रिकामी जागा दिसली की मी इथेच यायचे. दुसरं काय आठवणार, सांग?"

पडद्याबाहेर कोणीतरी काउंटरवर टकटक केली. मामा "आलो" म्हणाले आणि गेले नाहीत.

भाचीने पिशवीतून एक कागद काढला. कंपनी खेळ नव्याने काढणार होती. सत्तेचाळीस जणांना वेगवेगळी नावं द्यायची का आहेत तसेच ठेवायचे, यावर ऑफिसात हमरीतुमरी झाली होती. खेळणारे म्हणत होते, हात लावलात तर बघा. साहेब म्हणाले, माणूस जिवंत आहे, त्यालाच विचारा. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"तू नको म्हणालास तर मी सगळे काढून टाकीन," ती म्हणाली. "दोन दिवसांचं काम आहे. लोक ओरडतील, ओरडू देत. तू सांग फक्त."

"असं कसं सांगू? मी पाच-सहा जणांनाच भेटलोय," मामा म्हणाले. "उद्या घरी ये. सगळे दाखव."

रविवारी जेवणाच्या टेबलावर भाचीने लॅपटॉप उघडला. एका बाजूला मामा वही घेऊन, दुसऱ्या बाजूला मामी मटार सोलत. सुरुवात वेशीपासून झाली.

"हा पहारेकरी ना?" मामा म्हणाले. "मग खाली काय बघतोय? पहारेकरी लांब बघतो. लांब बघून बघून डोळे बारीक होतात. कपाळावर दोन आठ्या दे."

भाचीने लिहून घेतलं. पुढचा पाववाला. त्याच्या नाकावर चष्मा स्वच्छ. "भट्टीपुढे काचेवर वाफ धरते. तो चष्मा डोक्यावर सरकवतो आणि मग दिवसभर शोधत बसतो. आपला कोपऱ्यावरचा बघ, दर दोन दिवसांनी मला विचारायला येतो, तुमच्याकडे राहिला का म्हणून."

"मग हेच म्हणू दे ना त्याला," मामी म्हणाल्या. "माझा चष्मा तुमच्याकडे राहिला का?"

भाचीने बोटं थांबवली. "मामी, मग मामाचा प्रश्न काढायचा?"

दोघी मामांकडे बघू लागल्या. मामा पडद्यावरच्या पाववाल्याकडे बघत होते. "काढ," ते म्हणाले. "माझंही आता त्याच्यावाचून अडत नाही. फाशीवाल्याकडे तेवढा राहू दे. त्याने विचारलाच पाहिजे."

"आणि नाव?"

"पुढचा दाखव."

जाळं विणणाऱ्याचे केस पिकले होते आणि जाळं नाकाला टेकलं होतं. मामा म्हणाले, या वयात एवढ्या जवळून त्याला काय कप्पाळ दिसणार, हात लांब करून धरू दे. न्यायाधीश कागद न बघताच वाचत होता, त्याला चाळिशी दिली. घड्याळवाल्याच्या एकाच डोळ्याभोवती सुरकुत्या हव्यात, कारण दुसरा तो मिटून घेतो. बोटीवरच्याने पाण्याच्या चकाकीकडे बघताना हाताचा आडोसा धरायला हवा. एकेकाला थांबवून मामा सांगत होते. प्रत्येकासाठी त्यांच्या वहीत कोणीतरी होतं, कोणी बारा वर्षांपूर्वी आलेलं, कोणी परवा. शिंपी पंचविसावा निघाला. "हा सुई लांब धरेल," मामा म्हणाले, "आणि कोणी विचारलं तर म्हणेल, छान दिसतंय." मामी हसल्या. मामा हसले नाहीत.

"मामा, नावाचं सांग ना," भाची तिसाव्याच्या आसपास म्हणाली. "मला शुक्रवारी उत्तर द्यायचंय."

"राहू दे की नाव. माझ्या वर्गात एकाच नावाची चार पोरं होती. चौघांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. नुसतं नावाने काय होतंय?"

"म्हणजे ठेवा म्हणून कळवू?"

"कळव की तपासणी चालू आहे. मध्येच निकाल मागू नका म्हणावं."

मटार सोलून झाले. मामींनी पातेलं चढवलं आणि परत येऊन खुर्ची टेबलाजवळ ओढली. भाचीने तिचा नवा चष्मा काढून ठेवला होता. मामांनी शर्टाच्या खिशातून आणलेला एक जुना तिच्या नाकावर बसवला होता, आणि ती मान सरळ ठेवून लिहीत होती. चाळिसावा आला. हा धक्क्याच्या पायऱ्यांवर बसलेला होता. हातात काही नाही, शेजारी कोणी नाही.

"हा काय करतो?" मामींनी विचारलं.

"काहीच नाही," भाची घाईने म्हणाली. "याला काम द्यायचं राहिलंय. मामा, याला काय देऊ? पिंप देऊ? दोरखंड?"

मामा पुढे वाकून त्याच्याकडे बघू लागले. मामींच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, पण त्या थांबल्या.

"काही नको देऊस," मामा म्हणाले. "एखादा नुसता बसलेलाही असतो गावात. पण त्याच्या डोळ्यावर ऊन येतंय बघ. त्याला जरा पलीकडे घे."

भाचीने त्याला उचलून दोन पायऱ्या वर, सावलीत बसवलं.